फोटोमागची भिंत

ह्यांच्या फोटोची चौकट भिंतीवर दोनदा वाजली. टक्, टक्. दुपारचे तीन वाजायला आले होते. मी कापणीच्या टेबलाच्या कडेला उभी राहून अस्तराच्या कापडावर खडूनं रेघ मारत होते, आणि सरळ जायची ती रेघ मध्येच उंदराच्या शेपटीसारखी वाकडी झाली. समोर गिऱ्हाइकाला दाखवायला लावलेल्या दांडीवरच्या पितळी कड्या एकमेकींवर आपटल्या, सगळ्या एकदम, आणि गप्प झाल्या. तीन आकडे मोजून होत नाहीत एवढ्यात सगळं संपलं. मशीनवरच्या दोघी बायकांनी पाय थांबवले. एक म्हणाली, "ट्रक गेला." मास्तर म्हणाले, "मोठा होता." मास्तर म्हणजे आमचे कापणीवाले. पस्तीस वर्षं आमच्याकडे कापड कापतात, आणि त्यांच्या मते जगात जे काही घडतं ते एक तर ट्रकमुळे, नाही तर बायकांमुळे. ट्रक एका बाजूनं येतो आणि दुसरीकडून जातो. या रस्त्यावर आयुष्य काढल्यावर तो मला तळपायात कळतो. हे खालून आलं होतं. झोपलेल्या जनावरानं कूस बदलावी आणि परत झोपावं, तसं. पण माझं लक्ष फोटोकडे होतं. विटेच्या भिंतीवर चौकट अशी वाजत नाही. विटेवर ठप् असा आवाज येतो, तोही आला तर. टक् वाजतं ते पोकळ फळीवर. आणि ती भिंत फळीची आहे हे या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

आमचं काम पडद्यांचं. पडदा शिवणं म्हणजे झबलं शिवणं नव्हे. झबलं अर्धा इंच इकडचं तिकडं झालं तरी पोर त्यात मावतं. पडदा अर्धा इंच चुकला की सगळ्या खिडकीचं तोंड वाकडं. कापड आडवं, सपाट, एका दमात पसरलं पाहिजे. दुमडून मापलं की दगा देतं. सुरुवातीला खाली दोन खोल्या होत्या आणि मध्ये भिंत. आम्ही कापड एका खोलीतून दारातून दुसऱ्या खोलीत न्यायचो, एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या, आणि मधल्या उंबऱ्यावर मास्तर कात्री घेऊन उकिडवे. ह्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हे सगळं तीनदा मापायचे आणि चौथ्यांदा मला विचारायचे. भिंत पाडायची हे मी ठरवलं. आमच्या घरात कुणाचं लग्न झालं, पाहुणे जमले, की ही गोष्ट निघतेच: आईनं भिंत कशी पाडली. मुलगा सांगतो, सुनेला पाठ आहे, नातीनं शाळेत निबंध लिहिला होता. म्हातारा गवंडी आला, त्यानं भिंतीला कान लावला, हातोडीनं ठोकून पाहिली, आणि म्हणाला, बाई, पाडा, पण वर लोखंडी तुळई घाला. उजवीकडे तुळई जाड भिंतीवर बसेल. डावीकडे बाहेरची भिंत एका विटेची, त्यात खिडकी, तिच्यावर भरवसा नको. म्हणून डावीकडची तीन फूट भिंत राहू द्या. "त्या तीन फुटांना घर म्हणायचं," तो म्हणाला होता, "बाकी सगळा पसारा." हे शब्द मुलगा गवंड्याच्या आवाजात म्हणतो आणि सगळे हसतात. मीही हसते. मग सगळे त्या तीन फुटांकडे वळून बघतात, जिथे आता ह्यांचा फोटो आहे. तेव्हा मी पाण्याचा पेला उचलते, किंवा मला एकदम काहीतरी काम आठवतं.

कारण भिंत पाडल्यावर दोन वर्षांनी मला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. मखमल. चाळीस ताके आले आणि ठेवायला जागा नाही. जमिनीवर ठेवले तर ओल लागून दोन ताक्यांना बुरशी आली. मखमलीला बुरशी म्हणजे नवरीला देवी आल्यासारखं, घासून जात नाही. ताके उभे ठेवायला कपाट हवं होतं आणि कपाटाला जागा तेवढीच होती, डावीकडचा कोपरा, म्हणजे ते तीन फूट. हे तेव्हा आठ दिवस बहिणीच्या ऑपरेशनला परगावी गेले होते. जाताना सांगून गेले नव्हते, की भिंतीला हात लावू नकोस. माझ्यावर तेवढा विश्वास होता, किंवा तेवढी भीती. मी गवंड्याला बोलावलंच नाही. तो नाही म्हणाला असता, आणि नाही ऐकायची मला सवय नाही. मास्तरांना नि बायकांना सुट्टी दिली, मुलाला मामाकडे धाडलं आणि सुताराला बोलावलं. सुताराला भिंत काढायला सांगणं म्हणजे न्हाव्याला दात उपटायला सांगणं. पण दात निघतो. दिवसभरात विटा निघाल्या. शेवटची रांग निघाली तेव्हा वरून एक आवाज आला, म्हातारं माणूस खाली बसताना गुडघ्यातून येतो तसा. सुतार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस, फळ्या लाव." दीड फूट खोल कपाट झालं. पुढून दारं, मागून फळी, फळीच्या फटींत लुकण आणि वर रंग, असा की भिंत कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते माझं मलाच कळेना. बघणाऱ्याला वाटावं, भिंत जागच्या जागी आहे आणि तिच्यापुढे एक उथळ कपाट उभं केलंय. किल्ली माझ्या कमरेला. हे परत आले, कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुरेख झालं. भिंतीला धक्का नाही ना लावला?" मी म्हटलं, "मी काय खुळी आहे?" हे खोटं नव्हतं. नुसता प्रश्न होता. एकतीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

आणि या एकतीस वर्षांत मी सुखात नव्हते असं कुणी म्हणू नये. घर चाललं, काम वाढलं, मुलगा हाताशी आला, वर मजला चढला, त्यावर आणखी एक. तुळईनं हूं की चूं केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी तर अख्खी भिंत झाकली होती. सुरुवातीला मी येता-जाता वर बघायचे, मग आठवड्यातून एकदा, मग विसरले. माणूस आपल्या छपराखाली असंच जगतं. सकाळी मशीनं सुरू झाली की त्यांचा एक आवाज होतो, पावलांखालून बारीक मुंग्या गेल्यासारखा. तो आवाज मला बाळंतपणाच्या तेलासारखा अंगात मुरलेला आहे. मास्तरांची कात्री लांब कापडात शिरते तेव्हा करकर होत नाही, एक सलग श्वास सोडल्यासारखं होतं. चांगला माणूस कापत असेल तरच. बारा वर्षांपूर्वी हे गेले तेही असेच, दुपारी, आता फोटो आहे तिथल्या खुर्चीत, हातात मापाची फीत. त्यांना शेवटच्या वर्षांत एक खोड लागली होती. खुर्चीतून उठायच्या आधी मागच्या भिंतीवर बोटाच्या हाडानं दोनदा वाजवायचे. मी म्हणायचे, "दार उघडायचंय का कुणी?" ते नुसते हसायचे. मऊ माणूस. मी दगड, तर ते कापूस, असं लोक म्हणत. लोकांना कापसाची पारख नसते.

संध्याकाळी बातम्यांत आलं की धक्का होता. लहान. टीव्हीवरच्या माणसानं नकाशावर बोट ठेवलं आणि सांगितलं की हा भाग त्यासाठी ओळखला जात नाही. मुलाला त्याचा अभिमानच वाटला, जणू जमिनीनं त्याला विचारून शांत राहायचं ठरवलं होतं. "इथं कुठला भूकंप," तो म्हणाला. शेजारच्या काचसामानवाल्याचे दोन कप फुटले होते. तो दिवसभर ते तुकडे हातात घेऊन गिऱ्हाइकांना दाखवत होता, मानाचं काही मिळाल्यासारखा. आठ दिवसांत लोक विसरले. माझ्या कानातून मात्र ते टक् टक् जाईना. मी आडवी पडले की डोक्यात घर उभं राही, आणि मी एकेक वस्तू उचलून पाही: या तुळईवर काय आहे? तुळईवर पहिल्या मजल्याची मधली भिंत. त्या भिंतीला टेकून पाळणा. नात बाळंतपणाला आली होती, पोरगं दोन महिन्यांचं, झोपेत हसणारं, नाक थेट ह्यांचं. त्या पाळण्याच्या बरोबर खाली माझं कपाट, आणि कपाटात आजही चाळीसेक ताके उभे, जणू तेच घर पेलून धरताहेत. मी वर गेले आणि नातीला म्हटलं, "पाळणा पलीकडे घे. इथं वारा लागतो." नात म्हणाली, "वारा त्या बाजूला जास्त आहे, आजी." मी म्हटलं, "मी सांगते म्हणून घे." तिनं घेतला. सून दारात उभी होती, हातात दुपट्यांची घडी. काही बोलली नाही. माझी सून बोलते तेव्हा मला काळजी नसते.

मग एका सकाळी ती मोजणीवाली आली. नगरपालिकेनं खाली दुकान नि वर घर असलेल्या सगळ्या इमारती बघायला माणसं पाठवली होती. आमच्या वाट्याला ही पोरगी आली, पाठीवर पिशवी, हातात छोटी हातोडी, पायात धुळीचे बूट. "आजी, थोडा वेळ घेते तुमचा," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला आजी म्हणणारी वर पोर घेऊन बसलीय. तू मला बाई म्हण." ती हसली आणि तिनं लगेच टेबलाखाली वाकून बघितलं, त्यामुळे मला ती आवडली. आपल्या कामात आधी खाली बघणारं माणूस बरं. मुलानं तिला विचारलं, "पण इथं भूकंप होतच नाहीत, मग ही धावपळ कशाला?" ती भिंत ठोकत ठोकत म्हणाली, "होतात. पण दोन-तीनशे वर्षांनी एखादा, त्यामुळे कुणाच्या पणजोबालाही आठवत नाही. जिथं वरचेवर हलतं तिथली माणसं घरं तशी बांधतात. तिथं भांडी पडतात. इथं कुणी तसं बांधलेलंच नाही, म्हणून इथं तेवढ्याच धक्क्याला घर बसतं." मास्तर म्हणाले, "आणि ट्रकनं?" ती म्हणाली, "ट्रकनं नाही, काका." मास्तरांचं तोंड पडलं. मग तिनं टेबलाभोवती फेरी मारली. "आणि सगळ्यात आधी बसतात ती अशी घरं. वर भिंतीच भिंती, खाली नुसती मोकळी जागा. वर धड आणि खाली गुडघेच नाहीत." हे मला नीट कळलं. गुडघ्यांचं मला कुणी शिकवायला नको.

मुलानं तिला गोष्ट सांगितली. सांगणारच. आईनं भिंत कशी पाडली, गवंडी काय म्हणाला, त्या तीन फुटांना घर म्हणायचं. पोरगी मन लावून ऐकत होती. "शहाणा माणूस," ती म्हणाली. "म्हणजे डावीकडचा आधार आहे." मुलगा म्हणाला, "आहे ना. तो काय." आणि फोटोकडे हात केला. ती हातोडी घेऊन पुढे झाली, आणि मुलगा मध्ये आला. "तिथं नको ठोकायला. वडील आहेत." ती थांबली. तिनं हातोडी खाली केली, फोटोकडे बघून मान लववली, चांगल्या घरची पोर, आणि कागदावर लिहायला लागली. म्हणाली, "मग तुमचं घर सध्या मागे ठेवते. ज्यांचं शंकेचं आहे तिथं आधी प्लास्टर फोडून बघायचंय, अशी या रस्त्यावर खूप आहेत. डावीकडे भिंत, तीन फूट, शाबूत..." ती बोलत बोलत लिहीत होती. पेन कागदावर चाललेलं मला ऐकू येत होतं. वर पोरगं रडायला लागलं, मग नातीची पावलं, मग पाळण्याची करकर. त्या करकरीवरून मला कळलं की पाळणा परत जुन्या जागी आलाय.

त्या एवढ्याशा वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी सांगू शकणार नाही, पण एक गोष्ट आठवते: मला राग आला होता. कुणाचा, तर त्या गोष्टीचा. इतकी सुबक गोष्ट, पन्नास वेळा सांगितलेली, तिला कुठे सुरकुती नाही, आणि तिच्यावर माझं पणतवंड झोपलेलं. मी ती गोष्ट ऐकून फुगले होते, लग्नाकार्यात मिरवले होते. माझ्या मुलाला आईची एवढी एकच गोष्ट सांगावीशी वाटते, आणि मी आता ती त्याच्या तोंडातून काढून घेणार. तो पन्नाशीकडे झुकलाय, टक्कल पडलंय, तरी त्या गोष्टीपुरता तो दहा वर्षांचा होतो. गप्प बसावं, पोरगी जाईल, मग आपण गुपचूप कुणाला तरी बोलवू, पुन्हा हे नसताना सुताराला बोलावलं तसं. इथवर आले आणि मलाच हसू आलं. आता कुणाच्या पाठीमागे करायचं? हे तर तिथेच टांगलेले, समोर बघत.

"थांब," मी म्हटलं. "शाबूत लिहू नकोस."

कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि ताके बाहेर काढायला लागले. मास्तर धावले, "बाई, तुमची कंबर." मी म्हटलं, "कंबर माझी आहे, तुम्ही मखमल धरा." मधले सहा ताके निघाल्यावर आतली फळी दिसली. मी आत हात घातला आणि बोटाच्या हाडानं वाजवलं. पलीकडच्या बाजूला ह्यांची चौकट हलली. टक्, टक्. पोरगी वाकून आत बघत होती. तिनं वर बघितलं, जिथं तुळईचं टोक एका विटेच्या भिंतीवर, खिडकीच्या अगदी कडेला टेकलेलं होतं, आणि तिचा चेहरा जरा पांढरा पडला. मुलगा म्हणाला, "आई, भिंत?" मी म्हटलं, "काढली. तू नववीत होतास." "गवंड्यानं?" "सुतारानं. मी सांगितलं म्हणून. गवंडी नको म्हणाला असता." तो खाली बसला, ह्यांच्याच खुर्चीत. मशीनवरच्या बायका पाय हलवेनात. मग जिन्यातून सुनेचा आवाज आला. ती कधीची येऊन उभी होती. "झालं ना सांगून," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या मरणानंतर सांगताय."

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक?"

"फोटोचा खिळा मी ठोकला होता, आई. विटेत खिळा असा जातो का? एका घावात आत." बारा वर्षं. बारा वर्षं ही बाई माझ्या हातचं आणि मी तिच्या हातचं जेवत होते. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला वाटलं वरून फळी मारली असेल, वीट तिच्या मागे. मग एकदा तुम्ही कपाट उघडलंत, तेव्हा खिळ्याचं टोक आत आलेलं दिसलं. मग वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे म्हणजे काहीतरी विचार केलेला असेल. तुमचं कधी काही चुकलंय का?" हे तिनं इतक्या साध्या आवाजात विचारलं की टोमणा आहे की काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. पाळण्याचं तिला त्या दिवशी कळलं होतं, म्हणाली. दोनदा तोंडाशी आलं आणि दोनदा गिळलं. मी म्हटलं, "गिळायचं नाही. माझ्याशी भांडायला हवं होतंस." ती म्हणाली, "भांडून तुमच्याशी कोण जिंकलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. पण भांडायचं."

मोजणीवालीला या सगळ्यात रस नव्हता, आणि तेच बरं होतं. तिनं तासाभरात लोखंडी टेकू मागवले आणि माझ्या टेबलावर चढून तुळईखाली लावून घेतले. नातीला, पोराला, वरच्या सगळ्यांना काम होईपर्यंत नातीच्या सासरी पाठवलं. कागदावर भिंत कुणी काढली असा रकाना होता. ती जरा घुटमळली. मी म्हटलं, "लिही, घराच्या मालकिणीनं. आणि कारण लिही, मखमल." तिनं कारण लिहिलं नाही. रकाना नव्हता.

नवा गवंडी आला तो माझ्या मुलाच्या वयाचा. आत लोखंडी खांब, भोवती विटा, खाली पाया खोदून. पोरगी रोज येऊन बघायची. गवंड्यानं दोरी लावली आणि म्हणाला, "बाई, तीन फूट सांगितलंय." मी म्हटलं, "चार कर." मास्तर ओरडले, "मग टेबल?" मी म्हटलं, "कापा." मास्तरांनी आयुष्यात कापडाशिवाय काही कापलेलं नाही; त्यांनी सुताराला करवत दिली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले, ट्रक बघत. आता टेबल एक फूट अरुंद आहे, मोठ्या पन्ह्याचं कापड कडेवरून लोंबतं, मास्तर रोज कुरकुरतात आणि एकही पडदा वाकडा जात नाही. ताके माझ्या झोपायच्या खोलीत आलेत, पलंगाच्या तिन्ही बाजूंनी उभे. मखमलीचा वास येतो. मी राजाच्या तंबूत झोपते.

मुलगा आठ दिवस माझ्याशी मोजकं बोलला. मग परवा पाहुणे आले, आणि मला वाटलं आता तो ती गोष्ट सांगणारच नाही. त्यानं सांगितली. गवंडी, कान लावणं, तीन फूट, सगळं. मग म्हणाला, "आणि दोन वर्षांनी आईनं तेही पाडलं." पहिल्यांदा हसली ती सून. गोष्ट आधीपेक्षा चांगली झालीय, हे मला मान्य करावं लागेल.

पोरगं परत आलंय. पाळणा जुन्या जागी आहे, तिथंच वारा बरा येतो. ह्यांचा फोटो नव्या भिंतीवर लावला. खिळ्याला गवंडीच लागला, सुनेच्या हातानं जाईना. त्या खुर्चीत बसले की मला त्यांची ती खोड आठवते, दोनदा वाजवायचं आणि हसायचं. विटेवर कोण कशाला वाजवेल? ज्याला पोकळ ऐकू येतं तोच वाजवतो. किती वर्षं ऐकत होते कोण जाणे, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. भीती होती की विश्वास, ते आता विचारायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर दोन्ही असले तरी मला चालेल. उठताना मीही मागे हात नेऊन दोनदा वाजवते. काही वाजत नाही. बोट तेवढं दुखतं.